नवं वायफाय डोंगल लावताय? पहिल्या तासात एवढं करा

जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्या भागातल्या सेवा केंद्रांपुढे चपलांचा ढीग. खरिपाच्या पीकविम्याची मुदत बहुतेक वर्षी ३१ जुलैला संपते. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक असा गठ्ठा पिशवीत घालून माणसं सकाळपासून रांगेत बसलेली असतात. अशाच एका दिवशी औसा तालुक्यातल्या एका केंद्रावर मला बोलावणं आलं. जुना संगणक, त्याला नवंकोरं यूएसबीचं वायफाय डोंगल, आणि केंद्र चालवणारा पोरगा पार घाईला आलेला. म्हणाला, "दादा, नेट लागलंय, पण लई हळू चालतंय. तेवढं बघा."

हळू का चालतंय ते पाच मिनिटांत कळलं, ते पुढे सांगतो. पण ते बघताना दुसरं जे दिसलं ते जास्त वाईट होतं. भिंतीवर पुठ्ठ्यावर मार्करनं पासवर्ड लिहिलेला. रांगेतल्या निम्म्या फोनांना तेच वायफाय. आणि त्याच वायफायवर या संगणकाचं एक फोल्डर सगळ्यांना उघडं ठेवलेलं, कारण शेजारच्या संगणकावरून प्रिंट मारायला सोपं जातं. त्या फोल्डरात गावोगावच्या लोकांची स्कॅन केलेली आधार कार्डं होती. मी माझ्या फोनवरून ते फोल्डर उघडून त्याच्यापुढे धरलं, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्यानं कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. डोंगल कसं लावायचं हे त्याला दुकानदारानं सांगितलं होतं, लावल्यावर काय करायचं हे कुणीच सांगितलं नव्हतं.

तेच इथे सांगतो. सेवा केंद्रवाले, अभ्यासिका चालवणारे, लातूर-नांदेडला खोली करून राहिलेली लेकरं, किंवा घरातला जुना संगणक पुन्हा सुरू करणारे गुरुजी, पहिल्यांदाच डोंगल लावणाऱ्या सगळ्यांना हे कामी येईल. विंडोज धरून लिहितो, कारण आपल्याकडे बहुतेक संगणकांवर तेच असतं.

आधी एक गोष्ट समजून घ्या

वायफायच्या सुरक्षेत दोन वेगळी कामं आहेत. पहिलं, हवेतून जाणारी माहिती इतरांना वाचता येऊ नये म्हणून ती झाकणं, म्हणजे एन्क्रिप्शन. दुसरं, समोरचा कोण आहे याची खात्री करणं, म्हणजे ऑथेंटिकेशन, साध्या भाषेत ओळख पटवणं. पासवर्ड टाकला की राउटरला आपली ओळख पटते हे सगळ्यांना ठाऊक असतं. आपल्या ॲडॉप्टरला, म्हणजे वायफाय पकडणाऱ्या डोंगलला, राउटरची ओळख पटली का, हे मात्र कुणी विचारत नाही.

सोयरीक जुळवताना मुलाकडचे मुलीच्या घरी येऊन बघतात, तसे मुलीकडचेही मुलाचं घर, रान, विहिरीचं पाणी बघून येतात. एकाच बाजूनं चौकशी झाली की फसगतीला जागा राहते. रेल्वे स्टेशनवर रेल्वेच्याच रेलटेल कंपनीचं 'रेलवायर' नावाचं मोफत वायफाय असतं. त्यात मोबाइल नंबर टाकला की ओटीपी येतो, तो टाकला की नेट सुरू. लोकांना वाटतं, ओटीपी आला म्हणजे सुरक्षित. पण ओटीपीनं तुमची ओळख त्यांना पटली, त्यांची तुम्हाला नाही. बिनपासवर्डाच्या कुठल्याही नेटवर्कचं नाव दुसरा कुणीही आपल्या लॅपटॉपवर जसंच्या तसं लावून बसू शकतो आणि तुमच्या फोनला फरक कळणार नाही. बँकेचं ॲप स्वतःचं एन्क्रिप्शन वापरतं, त्यामुळे त्यातला मजकूर सहसा वाचता येत नाही. तरीही अशा ठिकाणी मी गाडीची वेळ बघतो, यापलीकडे काही करत नाही.

खालच्या प्रत्येक पायरीमागे एवढाच प्रश्न आहे: दोन्ही बाजूंची ओळख पटतेय का?

डोंगल विकत घेताना आणि लावताना

डोंगलच्या खोक्यावर 'डब्ल्यूपीए२' असं छापलेलं हवंच, 'डब्ल्यूपीए३' असेल तर उत्तम. ही वायफायच्या सुरक्षेच्या पद्धतींची नावं, त्यांचा इतिहास पुढे येतो. ड्रॉवरमधून निघालेलं दहा-बारा वर्षं जुनं डोंगल वापरणार असाल तर आधी ते काय झेपवतं ते तपासा. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे विंडोजची आज्ञा टाइप करायची काळी खिडकी, उघडा आणि इंग्रजी अक्षरांत मध्ये जागा सोडत हे चार शब्द टाइप करा: नेटएसएच (netsh), डब्ल्यूलॅन (wlan), शो (show), ड्रायव्हर्स (drivers). खाली लांबलचक यादी येते. तिच्यात 'ऑथेंटिकेशन अँड सायफर' असं लिहिलेला भाग शोधा. तिथे 'डब्ल्यूपीए२-पर्सनल' आणि पुढे 'सीसीएमपी' दिसलं की काम होतं. सीसीएमपी म्हणजे एईएस नावाच्या भक्कम पद्धतीचं एन्क्रिप्शनच. 'डब्ल्यूपीए३-पर्सनल'ही दिसलं तर तुमचं डोंगल नव्या पिढीचं आहे.

डोंगल चांगलं असून यादीत डब्ल्यूपीए३ नसेल तर विंडोज जुनं असू शकतं. विंडोज १० मध्ये ही सोय २०१९ च्या मे महिन्यातल्या आवृत्तीपासून आली. विंडोज ७ मध्ये ती नाहीच, आणि त्याचे सुरक्षेचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले. लोकांची कागदपत्रं हाताळणाऱ्या संगणकावर विंडोज ७ असेल तर डोंगलवर खर्च करण्याआधी त्याचं बघा.

आता ड्रायव्हर, म्हणजे डोंगल कसं चालवायचं ते विंडोजला सांगणारा छोटा प्रोग्राम. खोक्यात छोटी सीडी असते आणि संगणकाला सीडीचा कप्पा नसतो, किंवा असला तरी धुळीनं बंद पडलेला असतो. नेट नाही म्हणून ड्रायव्हर मिळेना, आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट लागेना, इथेच नवीन माणूस अडकतो. यातून सुटायला फोन पुरतो. चार्जिंगच्या केबलनं फोन संगणकाला जोडा, फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये जाऊन 'यूएसबी टेथरिंग' सुरू करा. संगणकाला फोनचं नेट मिळतं. मग विंडोज अपडेटमधून किंवा डोंगल बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्या. सर्चमध्ये वर येणाऱ्या 'मोफत ड्रायव्हर' छापाच्या साइटवर जाऊ नका. नेटवर्कचा ड्रायव्हर विंडोजच्या अगदी आतल्या भागात चालतो. तिथे भलतंच काही बसलं तर पुढच्या सगळ्या पायऱ्या वाया गेल्या.

तारीख बघा

ही पायरी मी मुद्दाम वेगळी ठेवलीय. आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही आणि जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. लाइट गेली की संगणकाची तारीख मागे जाते, कधी दहा-पंधरा वर्षं मागे. घरच्या साध्या पासवर्डच्या वायफायला त्यानं फरक पडत नाही, पण सरकारी पोर्टल, बँक आणि कॉलेजचं वायफाय यांची ओळख संगणक त्यांचं डिजिटल प्रमाणपत्र तपासून पटवतो. प्रमाणपत्राला मुदत असते. संगणकाच्या हिशेबानं आज २०१० साल असेल तर २०२५ चं प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून सुरूच झालेलं नसतं. मग 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा येतो. रोज तोच इशारा बघून माणूस त्याला सरावतो आणि न वाचता पुढे जातो. एक दिवस इशारा खरा असतो, तेव्हाही तो तसाच पुढे जातो. मला या सवयीची सगळ्यांत जास्त भीती वाटते.

सीआर२०३२ नावाचा सेल कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. तो बदला, तारीख लावा, मग पुढे चला.

कोणती सुरक्षा निवडायची

राउटरच्या सेटिंगमध्ये किंवा विंडोजमध्ये हातानं नेटवर्क जोडताना 'सिक्युरिटी टाइप'ची यादी समोर येते. नावं सारखीच वाटतात, म्हणून थोडा इतिहास.

सगळ्यांत जुनी डब्ल्यूईपी, १९९७ सालची. तिच्यात माहितीच्या प्रत्येक पाकिटासोबत बदलणारा एक आकडा फक्त २४ बिटांचा होता. गर्दीच्या नेटवर्कवर तो थोड्याच वेळात पुन्हा पुन्हा यायला लागतो. २००१ मध्ये फ्लुरर, मॅन्टिन आणि शमीर या तीन संशोधकांनी ती कशी फोडता येते ते मांडलं, आणि पुढे ते काम काही मिनिटांचं झालं. डब्ल्यूईपी लावणं म्हणजे दाराला नुसती कडी लावून गावाला जाणं.

मग २००३ मध्ये डब्ल्यूपीए आली. जुन्याच यंत्रांवर चालावी म्हणून तिच्यात टीकेआयपी नावाची तात्पुरती डागडुजी होती. २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आली, एईएस घेऊन. आपल्याकडच्या बहुतेक घरांत आजही तीच आहे आणि पासवर्ड चांगला असेल तर ती पुरते. २०१७ मध्ये मॅथी व्हॅनहूफ या संशोधकानं तिच्यातली 'क्रॅक' नावाची उणीव दाखवली. ती ड्रायव्हर आणि विंडोजच्या अपडेटनं बुजवता येते. ड्रायव्हर नवा हवा म्हणून मी हट्ट धरतो तो यासाठी. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आली.

औशाच्या त्या केंद्रात नेट हळू चालण्याचं कारण इथेच होतं. पूर्वी कधीतरी एका जुन्या डोंगलला चालावं म्हणून कुणीतरी राउटर 'डब्ल्यूपीए–टीकेआयपी'वर ठेवला होता. ते जुनं डोंगल केव्हाच भंगारात गेलं, सेटिंग मात्र तशीच राहिली. टीकेआयपी किंवा डब्ल्यूईपी असेल तर नवा वेगवान ॲडॉप्टरसुद्धा जुन्या पद्धतीवर उतरतो आणि वेग ५४ मेगाबिटच्या पुढे जात नाही. वायफायच्या नियमांतच तसं ठरवलेलं आहे. राउटर डब्ल्यूपीए२ आणि एईएसवर आणला आणि नेट सुटलं. सुरक्षा वाढवली की वेग कमी होतो असं बरेच जण समजतात. इथे उलटं झालं.

तर निवड अशी. डोंगल आणि राउटर दोघांना झेपत असेल तर 'डब्ल्यूपीए३-पर्सनल'. घरात काही जुनी यंत्रं असतील तर राउटरवर 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' असा मिश्र पर्याय. तोही नसेल तर 'डब्ल्यूपीए२-पर्सनल' आणि एन्क्रिप्शन फक्त एईएस. ज्या यंत्राला एवढंही झेपत नाही, त्या एका यंत्रासाठी सगळ्यांची सुरक्षा खाली आणू नका. नवं डोंगल घेणं स्वस्त पडतं.

राउटरमध्ये शिरायला ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाकतात. बरोबर पत्ता राउटरच्या खालच्या चिठ्ठीवर असतो. आत गेलाच आहात तर राउटरचा स्वतःचा 'ॲडमिन' पासवर्डही बदला. तो वायफायच्या पासवर्डाहून वेगळा असतो आणि बहुतेक ठिकाणी कंपनीचाच राहिलेला असतो.

तिथेच डब्ल्यूपीएस बंद करा. राउटरचं बटण दाबून किंवा आठ आकड्यांचा पिन टाकून पटकन जोडण्याची ही सोय आहे. पिनमधला शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून काढता येतो. उरलेले सात आकडे राउटर दोन तुकड्यांत तपासतो, आधी चार, मग तीन, आणि पहिला तुकडा चुकला तर तसं कळवतो. म्हणजे १ कोटी शक्यता घसरून १० हजार अधिक १ हजार, एकूण ११ हजारांवर येतात. २०११ च्या डिसेंबरात हे उघड झालं. तुमचा पासवर्ड कितीही मोठा असला तरी पिन सुरू असेल तर त्या लांबीचा उपयोग नाही.

पासवर्ड

आपल्याकडे वायफायचा पासवर्ड म्हणजे बऱ्याच ठिकाणी मालकाचा मोबाइल नंबर. दहा आकडे, म्हणजे मोठाच पासवर्ड असं वाटतं. हिशेब करून बघू.

डब्ल्यूपीए२ मध्ये पासवर्ड हवेतून कधीच जात नाही. ॲडॉप्टर आणि राउटर एकमेकांना चार निरोप पाठवतात आणि 'पासवर्ड मला ठाऊक आहे' एवढंच दोघंही सिद्ध करतात. रचना चांगली आहे, दोन्ही बाजूंची ओळख पटते. पण रस्त्यावर बसलेला माणूस ते चार निरोप टिपून घरी नेऊ शकतो आणि सवडीनं एकेक पासवर्ड लावून बघू शकतो. तुमच्या राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. प्रत्येक अंदाजाला गणित ४,०९६ वेळा फिरवावं लागतं, म्हणून जरा वेळ लागतो. तरी गेम खेळायचं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १० लाखांवर अंदाज तपासतं. आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होतात, म्हणजे फार तर ४०० कोटी शक्यता. ४०० कोटी भागिले १० लाख म्हणजे ४ हजार सेकंद. सव्वा तासाच्या आत सगळे नंबर संपले. आणि तुमचा नंबर दुकानाच्या पाटीवरच लिहिलेला असेल तर एवढंही करायला नको.

डब्ल्यूपीए३ मध्ये हीच फट बुजवलीय. तिथे टिपून नेलेल्या निरोपांवर अंदाज लावता येत नाही, प्रत्येक अंदाजाला राउटरच्या दारात यावं लागतं.

पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो आणि तो इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं यांतच असावा लागतो, देवनागरी चालत नाही. माझी पद्धत अशी: एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द घ्यायचे आणि ते इंग्रजी अक्षरांत सलग लिहायचे. तिफण, उंबरा, रताळं, पितळ, मंगळवार असे. हेच घेऊ नका, हे आता छापून झालेत. म्हण किंवा अभंगाची ओळ नको, कारण ती अनेकांच्या डोक्यात एकाच क्रमानं येते. गावाचं नाव आणि पुढे १२३ तर नकोच. शब्द तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही फोनवर सांगता आले पाहिजेत, नाहीतर पासवर्ड पुन्हा पुठ्ठ्यावर जातो.

नेटवर्कचं नावही बदला. पासवर्डपासून माहिती झाकायची किल्ली बनवताना गणितात हे नावही मिसळलेलं असतं. राउटरचं कंपनीनं दिलेलं नाव हजारो ठिकाणी तेच असतं, त्यामुळे त्या नावासाठी आधीच तयार करून ठेवलेल्या किल्ल्यांच्या याद्या कामाला येतात. वेगळं नाव ठेवलं की त्या याद्या निकामी. फक्त नावात घराचा नंबर किंवा आडनाव घालू नका.

ॲडॉप्टर जोडणं

उजव्या कोपऱ्यातल्या वायफायच्या चिन्हावर क्लिक करा, तुमचं नाव निवडा. 'कनेक्ट ऑटोमॅटिकली' ही खूण घरच्या नेटवर्कला ठेवा, बाकी सगळीकडे काढा. पासवर्ड टाका. डब्ल्यूपीएस सुरू असेल तर विंडोज इथेच 'राउटरवरचं बटण दाबा' असं सुचवतं, तिकडे जाऊ नका.

जोडणी झाली की थांबू नका. सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग वाय-फाय, आणि जोडलेल्या नेटवर्कच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जा. खाली 'सिक्युरिटी टाइप' दिसेल. राउटरवर काय निवडलं ते सोडा, प्रत्यक्ष काय लागलंय ते इथे कळतं. मिश्र पर्यायात राउटर डब्ल्यूपीए३ देत असतो आणि जुन्या ड्रायव्हरमुळे ॲडॉप्टर डब्ल्यूपीए२ वरच बसलेला असतो, असं मी कितीदा तरी पाहिलंय.

त्याच पानावर वर 'पब्लिक' आणि 'प्रायव्हेट' असे दोन पर्याय असतात. शंका असेल तिथे पब्लिक. मग तुमचा संगणक त्या नेटवर्कवरच्या इतरांना दिसत नाही. फक्त स्वतःच्या घरात किंवा केंद्राच्या फक्त कामासाठी ठेवलेल्या नेटवर्कवर, स्वतःचा प्रिंटर किंवा फोल्डर दुसऱ्या संगणकाला द्यायचं असेल तरच प्रायव्हेट.

दोन उपाय लोक हमखास सुचवतात, तेही सांगून टाकतो. नेटवर्कचं नाव लपवणं, आणि ठरावीक यंत्रांचे मॅक पत्तेच, म्हणजे प्रत्येक ॲडॉप्टरचा स्वतःचा क्रमांक बघूनच, आत घेणं. पहिल्यानं उलट नुकसान होतं: नाव लपवलेलं असलं की तुमचा लॅपटॉप जिथे जाईल तिथे 'अमुक आहे का, अमुक आहे का' म्हणून हाका मारू शकतो. दुसऱ्यात अर्थ नाही, कारण मॅक पत्ता हवेतून उघडाच जातो आणि नक्कल करता येतो.

सेवा केंद्र आणि अभ्यासिका

घरचं वायफाय घरातल्यांचं असतं. केंद्रात आणि अभ्यासिकेत तेच वायफाय रोज पन्नास अनोळखी माणसं वापरतात, म्हणून इथे जरा थांबतो.

डब्ल्यूपीए२ चा पासवर्ड ज्याला ठाऊक आहे आणि ज्यानं तुमची जोडणी होताना ते चार निरोप टिपलेत, तो त्याच नेटवर्कवरची तुमची वाहतूक उघडून बघू शकतो. शिवाय पासवर्ड ठाऊक असल्यानं तो त्याच नावाचं, त्याच पासवर्डचं खोटं नेटवर्कही उभं करू शकतो आणि तुमच्या ॲडॉप्टरला ते खरंच वाटेल. भिंतीवर पासवर्ड लिहिला की ओळख पटवण्याचं काम संपलंच. नीट आणि एमपीएससीची तयारी करणारी शंभर लेकरं एका अभ्यासिकेत बसतात. त्यांना एकमेकांची वाहतूक वाचता येऊ नये असं वाटत असेल तर तिथे डब्ल्यूपीए३ लावा. त्यात पासवर्ड सगळ्यांचा एकच असला तरी प्रत्येकाची किल्ली वेगळी बनते आणि टिपलेल्या निरोपांवरून ती उघडत नाही.

केंद्रासाठी दोन नेटवर्क करा. बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं. कामाचे संगणक आणि प्रिंटर मूळ नेटवर्कवर, त्याचा पासवर्ड फक्त काम करणाऱ्यांना. ग्राहकांना गेस्ट, आणि त्यात 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' असा पर्याय दिसला तर तो सुरू करा, म्हणजे एका फोनला दुसरा फोन दिसत नाही. 'गेस्टना स्थानिक नेटवर्क वापरू द्या' अशा अर्थाची खूण असेल तर ती काढा. ती राहिली तर दोन नेटवर्क करून काही साधलं नाही.

मग फोल्डर. 'एव्हरीवन'ला दिलेली वाटणी काढा. प्रिंटसाठी फोल्डर उघडं ठेवायची गरजच नसते, प्रिंटर वेगळा शेअर करता येतो. आणि काम झालं की स्कॅन पुसा. मावशीनं आधार कार्ड तुमच्या हातात दिलं ते एका अर्जासाठी, तीन वर्षं साठवायला नाही.

सगळं लावून झालं की गेस्टवर स्वतःचा फोन जोडा आणि कामाच्या संगणकाचं फोल्डर उघडतंय का ते बघा. उघडलं नाही तरच घरी जा.

कॉलेज किंवा ऑफिसचं वायफाय

इथे एक सामायिक पासवर्ड नसतो, प्रत्येकाचं वेगळं नाव आणि पासवर्ड असतो. सिक्युरिटी टाइप 'डब्ल्यूपीए२-एंटरप्राइज' किंवा 'डब्ल्यूपीए३-एंटरप्राइज'. मागे रेडियस नावाचा सर्व्हर ओळख तपासतो. व्यवस्था घरच्याहून चांगली आहे, पण एका जागी नवीन मुलं चुकतात.

पहिल्यांदा जोडताना विंडोज सर्व्हरचं प्रमाणपत्र दाखवतं आणि विचारतं, इथे हेच नेटवर्क अपेक्षित आहे का? हाच तो क्षण, जिथे तुम्ही समोरच्याची चौकशी करायची. कॉलेजच्या संगणक विभागाकडून सर्व्हरचं नाव आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव कागदावर घ्या आणि ते जुळतंय का बघा. फोनमध्ये 'डोमेन' विचारलं जातं, तिथे तेच नाव भरायचं. जुन्या फोनांत 'प्रमाणपत्र तपासू नका' असा पर्याय असायचा आणि वरच्या वर्गातली मुलं तोच लावायला शिकवायची. तो लावला की त्याच नावाचं खोटं नेटवर्क मांडून बसलेल्याकडे तुमचा लॉगिन जाऊ शकतो, आणि त्याच लॉगिननं निकाल, फी, ईमेल सगळं उघडतं. नव्या ॲन्ड्रॉइडमधून हा पर्याय काढून टाकला हे बरं झालं.

घरी असताना, कॉलेजपासून दहा कोस दूर, कॉलेजच्या नावाचं नेटवर्क दिसलं तर जोडू नका. आणि वर तारखेचं सांगितलं ते इथे सगळ्यांत आधी आठवा: चुकीच्या तारखेच्या लॅपटॉपला खरं प्रमाणपत्रही खोटं वाटतं.

जोडणी होत नसेल तर

'सिक्युरिटी की बरोबर नाही' असं आलं तर पासवर्ड चुकलाय, किंवा राउटरवर बदललाय आणि विंडोज जुनाच लावतंय. 'मॅनेज नोन नेटवर्क्स'मध्ये जाऊन त्या नावापुढे 'फरगेट' करा, नव्यानं टाका.

'या नेटवर्कला जोडता येत नाही' एवढंच आलं तर पासवर्डाला दोष देऊ नका. बऱ्याचदा रेंज कमी असते आणि ते चार निरोप अर्ध्यातच हरवतात. आपल्याकडची जुनी माळवदाची घरं, हातभर जाडीच्या दगडमातीच्या भिंती, त्यापलीकडे राउटर आणि संगणकाच्या मागच्या बाजूला, लोखंडी पेटीच्या आडोशाला डोंगल! पत्र्याची भिंतही सिग्नल अडवते. एक मीटरची यूएसबी केबल घेऊन डोंगल टेबलावर आणा, मग बघा.

मिश्र पर्यायावर जुनं डोंगल सारखं सुटत असेल तर त्या डोंगलसाठी राउटरवर फक्त डब्ल्यूपीए२ चं वेगळं नाव करून द्या. नाव दिसतच नसेल तर डोंगल फक्त २.४ गिगाहर्ट्झचं आणि नेटवर्क ५ गिगाहर्ट्झचं असेल, हे वायफायचे दोन वेगळे पट्टे आहेत. जोडणी झाली पण संगणकाला १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता मिळाला, तर डब्ल्यूपीए२ वर ओळख पटलेली आहे, राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. राउटर बंद करून सुरू करा, सुरक्षा काढून बघू नका. 'जरा वेळ पासवर्ड काढून बघतो' म्हणून काढलेला पासवर्ड पुन्हा लावायचा राहून जातो.

डोंगल दुसऱ्या यूएसबी खाचेत लावल्यावर कधी कधी पासवर्ड पुन्हा विचारला जातो. विंडोज त्याला नवा ॲडॉप्टर समजतं, घाबरायचं कारण नाही.

संगणक विकताना

वायफायचे पासवर्ड डोंगलमध्ये नसतात, ते संगणकात साठतात. डोंगल काढून ठेवलं आणि संगणक विकला, तर पासवर्ड संगणकाबरोबर गेले. विंडोज ११ मध्ये 'व्ह्यू वाय-फाय सिक्युरिटी की' दाबलं की साठवलेला पासवर्ड स्वच्छ वाचता येतो. म्हणून विकण्याआधी, दुरुस्तीला देण्याआधीही, 'मॅनेज नोन नेटवर्क्स'मधली प्रत्येक ओळ 'फरगेट' करा. केंद्रातला कामाचा माणूस सोडून गेला तर त्याच संध्याकाळी मूळ नेटवर्कचा पासवर्ड बदला. त्याच्याशी तुमचं कितीही चांगलं असलं तरी बदला, कारण त्याचा फोन उद्या कुणाच्या हातात असेल ते त्यालाही ठाऊक नाही.